प्रात्यक्षिकाच्या तासाला जुना कागदही वाचू द्या

विदर्भातील विद्यापीठांच्या विज्ञान अभ्यास मंडळांवरील सन्माननीय सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावी, बी.एस्सी.च्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवते. बावीस वर्षं झाली. वर्गात निम्म्याहून जास्त मुली असतात. जवळपास सगळे कास्तकारांच्या किंवा शेतमजुरांच्या घरचे. सकाळच्या एसटीनं येतात, दुपारच्या एसटीनं जातात. कापूस वेचणीला आला की हजेरी पातळ होते आणि त्याबद्दल मी कुणाला रागावत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपण अभ्यासक्रम पुन्हा बांधत आहात. त्यात एका गोष्टीला, प्रात्यक्षिकाच्या तासाला जुने मूळ कागद वाचण्याला, जागा द्यावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. पत्र उघड लिहिते, कारण माझ्यासारखेच प्रयोग करणारे शिक्षक इतर तालुक्यांत असतील आणि त्यांनीही आपल्याला लिहावं असं मला वाटतं.

सुरुवात २०१७ पासून करते. त्या वर्षी पोळ्यानंतर आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेची एकेक बातमी येऊ लागली. कापसाची पराटी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा थेट तोंडावर यायचा. उकाडा होता. अनेकांनी दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळली होती. जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात भरती झाली. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातला एक मुलगा आठ-दहा दिवस आला नाही. त्याचे वडील यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात होते. ते वाचले. मुलगा परत आला तेव्हा मी फळ्यावर योगायोगानं ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची रचना काढत होते. फॉस्फरस मधे, दुहेरी बंधाचा ऑक्सिजन वर, बाजूचे गट. हा रेणू ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला चिकटतो, मग मज्जातंतूंचा संदेश थांबतच नाही, लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो, हे सगळं मी सांगितलं. सगळं बरोबर सांगितलं.

तास संपल्यावर तो टेबलाजवळ आला. खिशातून घडी घातलेला कागद काढला. बाटलीबरोबर येतं ते माहितीपत्रक. अक्षरं मुंगीएवढी. म्हणाला, "मॅडम, हे औषध इकाची परवानगी कोनं देल्ली असन?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. रेणूचं सूत्र मला पाठ होतं. त्या रेणूला बाटलीत भरून आमच्या गावच्या कृषी केंद्रात पोहोचवणारा निर्णय कुणी, कधी, कोणत्या माहितीवर घेतला, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कुणाला शिकवलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, या मुलानं विचारलेला प्रश्न रसायनशास्त्राचाच आहे, आणि तो अभ्यासक्रमाच्या एकाही घटकात बसत नाही.

मग मी शोधायला लागले. शोध पोहोचला १९५८ पर्यंत. त्या वर्षी केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेलं गव्हाचं पीठ खाऊन शंभरावर माणसं मेली. धान्य आणि विष एकत्र वाहून नेल्यामुळे पीठ दूषित झालं होतं. न्यायमूर्ती शहा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. कीटकनाशकांची विक्री, वाहतूक आणि साठवण यांवर देशभर लागू होईल असा कायदा हवा, हा विचार तिथून पुढे सरकला. कायदा आला १९६८ मध्ये, नियम आले १९७१ मध्ये. म्हणजे मेलेल्या माणसांपासून नियमांपर्यंत तेरा वर्षं. बाटलीवरचा रंगीत त्रिकोण त्या नियमांतून आला. लाल, पिवळा, निळा, हिरवा.

पुढच्या वर्षी मी प्रात्यक्षिकाच्या एका तासाला ब्युरेट बाजूला ठेवले आणि नियमांतला तो तक्ता झेरॉक्स करून मुलांच्या हातात दिला. तोंडावाटे मारक मात्रा, म्हणजे चाचणीतले निम्मे प्राणी जिनं मरतात ती मात्रा, शरीराच्या एका किलो वजनामागे १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर लाल. ५१ ते ५०० पिवळा. ५०१ ते ५००० निळा. त्यापुढे हिरवा. शेजारी कातडीवाटे जाणाऱ्या मात्रेचा वेगळा स्तंभ. मुलांना मारक मात्रेची व्याख्या येत होती, परीक्षेत दोन गुणांना येते. तक्ता समोर आल्यावर त्यांनी जे विचारलं, ते एकाही प्रश्नपत्रिकेत मी पाहिलेलं नाही. ही मात्रा उंदरांवर काढतात, ती माणसाला किती लागू? एका मात्रेची गोष्ट आणि दोन महिने रोज थोडंथोडं अंगावर येण्याची गोष्ट सारखी का? दोन औषधं मिसळली तर कोणता त्रिकोण धरायचा? तिसऱ्या प्रश्नावर वर्ग बराच वेळ गप्प होता, कारण पंपात मिसळलेल्या औषधांसाठी त्या तक्त्यात ओळच नाही.

मग आम्ही कायदा वाचला. कलम ३८ वर आलो. स्वतःच्या घरगुती वापरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीसाठी कुणी कीटकनाशक वापरत असेल, तर त्या वापराला हा कायदा लागू नाही, असं तिथं लिहिलं आहे. एक मुलगी म्हणाली, बरं झालं, नाहीतर इन्स्पेक्टर प्रत्येक कास्तकाराच्या वावरात आला असता. दुसरा म्हणाला, म्हणजे कास्तकार कायद्याच्या बाहेरच राहिला. मागच्या बाकावरून आवाज आला, "मंग रोजानं फवारनाऱ्याचं काय? वावर त्याचं नाही, पंप त्याच्या पाठीवर." २०१७ मध्ये गेलेल्यांत असे मजूर होते. हे विचारणाऱ्या मुलाचा बाप मजूरच आहे.

सदस्यहो, बावीस वर्षांत माझ्या प्रयोगशाळेत इतकी जिवंत चर्चा दुसऱ्या कुठल्या तासाला झाली नाही. तिच्यात रसायनशास्त्र कुठेही पातळ झालं नव्हतं. विकराला रेणू कायमचा चिकटतो की काही वेळानं सुटतो, हा फरक त्या दिवशी मुलांनी स्वतः पुस्तक उघडून शोधला. विषबाधा झालेल्या माणसाला ॲट्रोपिन का देतात आणि काही औषधं वेळेवर दिली तरच का चालतात, हे त्यांना हवं होतं म्हणून त्यांनी वाचलं.

दुसरा कागद मुलांनीच आणला, आणि त्याच्याबद्दल मला थोडं जास्त सांगायचं आहे.

विदर्भात कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही, कुणाला सांगावं लागत नाही. जात वैधतेसाठी कुणाला १९५० च्या, कुणाला १९६१ च्या, कुणाला १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा कोतवाल बुकाच्या नकलेतूनच निघतो. तहसिलीत चकरा मारून मिळवलेली ती नक्कल घरच्या पेटीत जपून ठेवलेली असते. पंजोबाचा जन्म किंवा खापरपणजीचा मृत्यू, तारीख, बापाचं नाव, जात, गाव. आमच्या मुलांसाठी तो प्रवेशाचा कागद. एकदा आकडेशास्त्राच्या सहकारी मॅडम आणि मी बोलत बसलो होतो तेव्हा त्यांच्या मनात आलं, की याच वहीत जन्म-मृत्यूची सगळी आकडेवारी आहे. देशाच्या मृत्युदराचे जे आलेख आपण पुस्तकात छापतो, त्यांचा पहिला थेंब इथून निघाला.

आम्ही परवानगी घेऊन एका गावच्या काही पानांच्या प्रती मिळवल्या. नावं आणि जात झाकून मुलांना दिल्या. हे झाकणं आम्ही आधीच ठरवलं होतं, त्याकडे पुढे येते. काही नोंदी मोडी लिपीत होत्या, त्या वाचायला गावातल्या एका निवृत्त गुरुजींना बोलावलं. १९१८ ची पानं होती. सप्टेंबरपर्यंत नोंदी विरळ. ऑक्टोबरपासून पानं भरत जातात. मृत्यूच्या कारणात एकच शब्द खाली उतरत जातो: ताप. ताप. ताप.

एका मुलीनं विचारलं, "सारे तापानंच मेले का जी?"

तिथून तो तास खरा सुरू झाला. १९१८ चा इन्फ्लुएन्झा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात अतिशय भयंकर होता. हिंदुस्थानातल्या सर्वाधिक मृत्यू झालेल्या प्रांतांत आपला प्रांत होता. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, अन्न महागलं होतं. पण वहीत इन्फ्लुएन्झा हा शब्द कुठून येणार? कारण सांगणारा गावचा कोतवाल. तो पुष्कळ ठिकाणी निरक्षर, गावगाड्याच्या तळाशी असलेला, बऱ्याच गावांत महार समाजातला. तो सांगणार, दुसरा कुणी लिहिणार. हिवताप, विषमज्वर, इन्फ्लुएन्झा, बाळंतपणातला ताप, सगळ्यांचं कारण एकच, अंग तापलं होतं. गावची वही वर गेली, तिची जिल्ह्याची बेरीज झाली, जिल्ह्यांची प्रांताची झाली, आणि सरकारी अहवालात 'ताप' हा रकाना फुगला.

मग कोतवाल स्वतः आजारी पडला त्या आठवड्यात नोंद कुणी केली? हा प्रश्न एका मुलानं विचारला, आणि आकडेशास्त्राच्या मॅडम खुर्चीवरून उठल्याच. कारण न झालेल्या नोंदींचा प्रश्न ही त्यांच्या विषयातली फार मोठी गोष्ट आहे. तेव्हाचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांच्या १९१९ च्या प्राथमिक अहवालात देशभरातल्या मृत्यूंचा अंदाज साठ लाखांच्या घरात होता. १९२१ ची जनगणना झाल्यावर तो सव्वा कोटीच्या आसपास गेला. पुढच्या काही अभ्यासकांनी तो पावणेदोन कोटींच्या वर नेला. साथ तीच, मेलेली माणसं तीच, आकडा तिप्पट. मुलांनी फळ्यावर तीन आकडे लिहून त्यांच्यासमोर ते कुणी, कशावरून काढले, हे मांडलं. 'नमुन्यातील त्रुटी' हा घटक मॅडमना त्या सत्रात पुन्हा शिकवावा लागला नाही.

त्या मुलांपैकी बऱ्याच जणांनी २०२० आणि २०२१ घरी बसून काढलं होतं. गावात कोण कशानं गेलं, नोंद काय झाली, यावर त्यांची स्वतःची आठवण होती. त्यामुळे १९१८ च्या कोतवालाला त्यांनी अडाणी म्हटलं नाही.

इतर कागदांचं थोडक्यात सांगते. भौतिकशास्त्राचे सर मुलांना हिंगणघाटला घेऊन गेले. दक्षिणेपासून हिंदुस्थानची मोजणी करत आलेले विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ ला तिथं वारले, त्यांची कबर तिथंच आहे. वर्धा जिल्ह्यातल्या मुलांनासुद्धा हे माहीत नसतं. लॅम्बटनच्या अहवालांत शंभर फुटी पोलादी साखळीनं पायारेषा, म्हणजे जिच्यावरून पुढची सगळी मोजणी काढतात ती रेषा, मोजल्याची हकीगत आहे. तीच साखळी चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून पाठवली होती आणि त्यानं ती परत केली होती. मोजताना साखळीजवळ तापमापक ठेवत, कारण उन्हानं पोलाद लांबतं आणि मैलांच्या मोजणीत ती वाढ चूक होऊन बसते. रेषीय प्रसरणाचं गणित आमची मुलं पहिल्या वर्षी धातूच्या कांडीवर करतात आणि विसरतात. या साखळीवर केलेलं विसरत नाहीत, असा सरांचा अनुभव आहे.

त्याच सर्वेक्षणातला राधानाथ सिकदार हा बंगाली गणिती. १८३१ मध्ये संगणक म्हणून लागला. तेव्हा संगणक म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. पुढे एव्हरेस्ट नाव दिलेल्या शिखराची उंची काढणाऱ्या गणनेत त्याचा मोठा वाटा होता. सर्वेक्षणाची जी अधिकृत हस्तपुस्तिका १८५१ मध्ये निघाली, तिच्या प्रस्तावनेत त्याचे आभार मानले आहेत, कारण तिच्यातला गणिताचा महत्त्वाचा भाग त्याचा होता. सिकदार १८७० मध्ये वारला. १८७५ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतून त्याचं नाव गेलं. मजकूर तसाच राहिला. तेव्हाच्या 'फ्रेंड ऑफ इंडिया' या इंग्रजी वृत्तपत्रातही या गोष्टीचा निषेध झाला. दोन प्रस्तावना शेजारी ठेवून वाचायला दहा मिनिटं लागतात. श्रेय कुणाला मिळतं, कसं मिळतं, कसं जातं, यावर मी दहा व्याख्यानं दिली तरी या दहा मिनिटांएवढं काम होणार नाही. आणि हाच सिकदार १८४३ मध्ये मोजणीच्या मजुरांकडून वेठ घेतली म्हणून एका इंग्रज मॅजिस्ट्रेटशी भांडला होता आणि त्यापायी दोनशे रुपये दंड भरून बसला होता. वेठ हा शब्द आमच्या मुलांच्या आज्यांना अजून समजावून द्यावा लागत नाही.

लोणार तर आपल्याच बुलडाणा जिल्ह्यात. 'ऐन-ई-अकबरी'त त्याचा उल्लेख आहे, तिथं काच आणि साबण करायला लागणारे पदार्थ सापडतात असा. १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं ते पाहून नोंद केली. पुढे जवळजवळ दीडशे वर्षं पुष्कळ भूशास्त्रज्ञ त्याला ज्वालामुखीचं काम मानत राहिले, कारण भोवती सगळा बेसाल्टच. १८९६ मध्ये अमेरिकन भूशास्त्रज्ञ गिल्बर्टनं ते अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या विवरासारखं दिसतं असं म्हटलं होतं, तरी ते उल्का आदळून झालं याचा ठोस पुरावा यायला १९७३ उजाडलं, आघातानं काचेसारखे झालेले खनिजांचे कण हाती आले तेव्हा. वयाचा वाद त्यानंतरही चालला. एका पद्धतीनं सुमारे ५२ हजार वर्षं, दुसऱ्या पद्धतीनं २०११ मध्ये सुमारे ५ लाख ७० हजार. आमची सहल तिथं दरवर्षी जाते, मुलं मंदिरं आणि पाणी पाहून येतात. यापुढे हे चार-पाच कागद सोबत नेले पाहिजेत.

आता कापूस. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी कापूस अहवालांत एक तक्रार वारंवार येते: हिंगणघाटची लांब धाग्याची बनी सोडून इथला शेतकरी आखूड धाग्याच्या 'जरी' वाणाकडे वळतो आहे. अहवाल वाचताना मुलांच्या कानाला शेतकऱ्याबद्दलचा सूर लगेच बोचतो. मग आम्ही हिशेब मांडतो. एकरी उत्पन्न, रुईचा उतारा म्हणजे कापसातून निघणाऱ्या रुईचं प्रमाण, बाजारात लांब धाग्याला खरंच किती जास्त भाव मिळत होता. हिशेब मांडल्यावर शेतकरी मूर्ख दिसत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुईचा उतारा चांगला म्हणून कृषी खात्यानंच रोझियमसारख्या आखूड धाग्याच्या वाणाचं बी वाटलं. म्हणजे जे केल्याबद्दल आजोबाला बोल लावले, तेच नातवाला शिफारस करून दिलं. मुलांना हे कळलं की अहवाल कुणी, कुणासाठी लिहिला हे आधी पाहायचं. मँचेस्टरच्या गिरणीला लांब धागा हवा होता. वऱ्हाडच्या कुणब्याला वर्षाचं धान्य हवं होतं.

आता हरकतींकडे येते. त्या मी ऐकल्या आहेत, तोंडावर आणि कागदावर. काही वर्षांपूर्वी मी असा एक छोटा घटक लिहून एका समितीकडे पाठवला होता. तो परत आला, वर शेरा होता की हा विषय इतिहासाचा आहे, विज्ञान शाखेनं घेण्याचं कारण नाही. मी तो शेरा जपून ठेवला आहे. माझं म्हणणं असं की इतिहासाच्या वर्गात बसणाऱ्या मुलाला मारक मात्रा माहीत नसते, आणि विज्ञानाच्या वर्गातल्या मुलाला कलम ३८ माहीत नसतं. हे दोन्ही एकाच माणसाला माहीत असण्याची गरज आमच्या गावात आहे, कारण हीच मुलं उद्या कृषी केंद्राच्या काउंटरमागे उभी राहतात, आरोग्य सेवक होतात, तलाठी होतात, शाळेत विज्ञान शिकवतात.

वेळ नाही, ही हरकत खरी आहे. अभ्यासक्रम भरलेला आहे, मला माहीत आहे. म्हणूनच मी नवा पेपर मागत नाही. प्रत्येक सत्रात प्रात्यक्षिकाचे दोन तास द्या. टायट्रेशन दहाऐवजी नऊ झाली तरी चालेल. पण ते तास यादीत छापलेले हवेत, रेकॉर्ड बुकात त्यांची पानं हवीत, व्हायवात बाहेरच्या परीक्षकानं त्यावर विचारलं पाहिजे. गुण नसलेली गोष्ट आमच्याकडे टिकत नाही. आणि कृपा करून बहुपर्यायी प्रश्न नकोत. सिकदार कोणत्या साली लागला, एवढ्यावर हे संपलं तर बाजारात त्याची गाइडं येतील, कागद कुणी उघडणार नाही. परीक्षेत न पाहिलेला एखादा उतारा द्या आणि विचारा, हे कुणी लिहिलं, कशावरून लिहिलं, यात काय मोजलं आहे, काय मोजायचं राहिलं आहे.

शिक्षकांना कागद वाचायची सवय नाही, हेही खरं. मला नव्हती. शिकता येते. मोडी वाचणारी मंडळी गेल्या काही वर्षांत जुन्या नोंदींच्या शोधामुळे पुन्हा पुढे आली आहेत, त्यांची दोन दिवसांची कार्यशाळा विद्यापीठांनी घ्यावी. पुराभिलेखागाराची शाखा नागपूरला आहे. १८७० चं बेरार गॅझेटियर आणि १९०८ नंतरची जिल्हा गॅझेटियरं आता मोबाइलवर उघडतात. पण शोधून, निवडून, कठीण इंग्रजीचं मराठी करून, दोन पानांत बसवून देणं हे एकट्या शिक्षकाचं काम नव्हे. प्रत्येक जिल्ह्यासाठी दहा-बारा कागदांचा संच तिथल्याच शिक्षकांकडून करून घ्या. गडचिरोलीच्या मुलांना जंगल खात्याचे जुने नियम द्या. अकोल्याच्या मुलांना खारपाणपट्ट्याच्या पाण्याबद्दलच्या नोंदी द्या. आमच्याच संचाच्या प्रती सगळीकडे वाटू नका.

नावं झाकण्याबद्दल मघाशी म्हटलं होतं. जुन्या नोंदींत जात उघडी लिहिलेली असते आणि काही वेळा आज उच्चारू नये अशा शब्दांत. छोट्या गावात चार मुलांना मिळून एखादं घराणं लगेच ओळखू येतं. कोणाच्या पणजीला कोणत्या कारणानं मृत्यू आला, हे वर्गात चर्चेला यायला नको. आम्ही एकदा चुकलो होतो. एक पान नीट झाकलं गेलं नाही आणि एक मुलगी दोन दिवस वर्गात आली नाही. मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यामुळे याचे नियम अभ्यासक्रमातच लिहिलेले हवेत: झाकल्याशिवाय प्रत वर्गात नेऊ नये, फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकू नये, जातीच्या रकान्याबद्दल बोलायचं तर सगळ्या व्यवस्थेबद्दल बोलावं, एका घराबद्दल नव्हे.

एक काळजी मला आणखी आहे आणि ती स्पष्ट लिहिते. भारतीय ज्ञान प्रणालीचा पेपर आता सगळीकडे आला आहे. त्यात आपल्या पूर्वजांच्या ज्ञानाबद्दल चांगल्या गोष्टी आहेत, पण पुष्कळदा त्या नुसत्या सांगितल्या जातात, कागद समोर नसतो. तसंच पाश्चात्त्य विज्ञानाबद्दलही आपण नुसतं सांगतच आलो. ज्या मुलांनी सिकदारचं नाव एका आवृत्तीत वाचलं आणि दुसऱ्या आवृत्तीत शोधूनही सापडलं नाही, ती मुलं अभिमानाची गोष्ट सांगणाऱ्यालाही विचारतात की कुठं लिहिलं आहे, दाखवा. ही सवय दोन्हीकडे चालली पाहिजे.

फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटचे श्रेयांक आता आहेतच. तिथं मुलं रोपं लावतात, रॅली काढतात, फोटो जोडतात. त्याच श्रेयांकांत गावातल्या कृषी केंद्रावरच्या माहितीपत्रकांचा संच करणं, ग्रामपंचायतीकडच्या पाणी तपासणीच्या जुन्या अहवालांतून फ्लोराइडचे आकडे वर्षावर्षानं मांडणं, हे का बसू नये? आमच्या जिल्ह्यात फ्लोराइडनं पिवळे पडलेले दात मुलं लहानपणापासून पाहतात. ते पाणी कधी तपासलं, अहवाल कुणाला गेला, पुढे काय झालं, हे कागदावर मांडणं म्हणजे रसायनशास्त्रच आहे.

ज्या मुलानं २०१७ मध्ये तो प्रश्न विचारला होता, तो आता शेजारच्या तालुक्यात एका शाळेत शिकवतो. परवा त्याचा फोन आला. नववीच्या मुलांना दाखवायला कलम ३८ आणि त्रिकोणाचा तक्ता हवा होता. मी पाठवला. आमच्या प्रयोगशाळेत, ॲसिडच्या कपाटाशेजारच्या खणात, या सगळ्या कागदांच्या प्रती फायलींत लावून ठेवल्या आहेत. काहींवर मुलांनी पेन्सिलीनं प्रश्न लिहिले आहेत, ते मी खोडले नाहीत. आपल्यापैकी ज्यांना पाहायच्या असतील त्यांनी महाविद्यालयाच्या वेळेत कधीही यावं. शक्यतो मंगळवारी या, त्या दिवशी तिसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक असतं आणि मुलंही भेटतील.

आपली नम्र,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका
जिल्हा यवतमाळ